तीस टक्के

शनिवार, सकाळचे सात. दुसरीच्या वर्गात
मी मतपेटीला सील लावतो. फळ्यावर अजून
शुक्रवारचा पाढा आहे, सातचा, त्रेसष्टपाशी थांबलेला.
आम्ही पाच जण, एक थर्मास, सहाशे बारा मतपत्रिका.
प्रश्न एकच:
लग्न म्हणजे एक पुरुष नि एक बाई,
असं घटनेत कोरून ठेवायचं का?
हो. नाही. शिक्का मारा.

पहिल्या आल्या पाद्रीबाई, मग त्यांची सून,
मग चर्चमध्ये मेणबत्त्या विकणारा ग्लिगोर,
ज्याला बायको सोडून गेली त्याला बारा वर्षं झाली.
त्यानं कुटुंबासाठी शिक्का असा हाणला
की थर्मासचं झाकण वाजलं.

मग कुणीच नाही.

दुपारी घंटा झाली. रोजची वेळ नव्हती.
फादर एमिलियान स्वतः दोर ओढत होते.
वाटेवरचं कुत्रं उठलं, फिरलं, पुन्हा झोपलं.
घरोघरी कढया चढलेल्या, आलुबुखाराचा मुरंबा,
ढवळणारा हात थांबला की बुडाला लागतो.

रविवारी चारला वेतुरिया आली, एकटीच,
चर्चला जाताना बांधते तो रुमाल बांधून.
ती नि सावेता: एक घर, एक विहीर,
मधमाश्यांच्या चाळीस पेट्या, एकोणचाळीस वर्षं.
गाव म्हणतं, चुलतबहिणी.
कुठल्या काकाच्या, ते कुणी विचारत नाही.
एवढी सभ्यता आमच्याकडे आहे.

ओळखपत्र तिनं टेबलावर ठेवलं नाही, हातातच धरलं.
"मास्तर, 'नाही'वर शिक्का मारला तर मोजतात?"
"मोजतात."
"म्हणजे आलेल्यांत मी धरली जाणार."
"हो."
"आणि तीस टक्के आलेच नाहीत तर?"
"सगळंच रद्द."
तिनं ओळखपत्र एप्रनच्या खिशात सरकवलं.
"मग मी आलेच नव्हते," म्हणाली,
आणि मधाची बरणी ठेवून गेली.
मतदान केंद्रात भेटवस्तू चालत नाही.
मी बरणी नकाशांच्या कपाटात ठेवली,
बल्गेरियाच्या मागे.

रात्री नऊला पेटी उघडली. अठ्ठ्याण्णव.
त्यांत 'नाही' तीन.
त्या तिघांचा मी अजून विचार करतो.

देशभराचा आकडा टीव्हीवर आला. पडलं.
राजधानीत कुणी कुणाला मिठ्या मारत होतं.
इथे फादर म्हणाले, गाव मूग गिळून बसलं.
खरं आहे. पण कुणी कशापायी गिळले?
त्या दोघींसाठी? मुरंब्यासाठी?
सरकारचा राग म्हणून?
पाचशे चौदा माणसं आली नाहीत
आणि न येण्यावर शिक्का नसतो.
यादीत माझंही नाव आहे, दोनशे सातवं.
दोन दिवस पेटीपासून हातभर अंतरावर बसून
मी मत दिलं नाही.
बायकोनं विचारलं, का?
म्हटलं, कामात होतो.

कायदा होता तिथेच राहिला.
बंद दाराला आणखी एक कुलूप लागलं नाही, इतकंच.
दार बंदच.

फेब्रुवारीत सावेताला क्लुजच्या इस्पितळात नेलं.
गाडी मी चालवली. घाटात कुणी बोललं नाही.
खिडकीतल्या मुलीनं, नखं निळी,
अर्ज पुढे सरकवला.
रुग्णाचं नाव. जन्मसाल.
रुग्णाशी नातं.

वेतुरियानं चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
'चुलतबहीण' लिहायला असा कितीसा वेळ,
एकोणचाळीस वर्षं तोंडपाठ असलेला शब्द.
तिनं लिहिलं:
पत्ता तोच.

मुलीनं वाचलं. माझ्याकडे पाहिलं.
मी फरशीकडे, सवयीनं.
फरशीवर वितळलेल्या बर्फाचं पाणी, कुणाकुणाच्या बुटांचं.

"बरोबर आहे ते," मी म्हणालो.
आवाज जरा मोठाच निघाला.
रांगेतली माणसं वळून पाहू लागली.